हाँगकाँगचा मुका गेम

विक्रम गेला तेव्हा प्रमोदिनीबाई हरकरे रडल्या नाहीत. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या गल्लीत या गोष्टीची बरीच चर्चा झाली. एकुलता एक मुलगा, चाळिशीही न गाठलेला, सकाळी बॅडमिंटन खेळायला म्हणून गेला आणि कोर्टवरच कोसळला. अशा वेळी आईने हंबरडा फोडावा अशी लोकांची अपेक्षा असते. प्रमोदिनीबाईंनी आल्यागेल्याला पाणी दिलं, दारातल्या चपला बाजूला सारून वाट मोकळी केली, जेवायला किती माणसं राहतील ते विचारून घेतलं. शेजारच्या दीपमालाताईंनी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि पाठीवर हात ठेवला.

"रडून घे वं बाई. मनात ठेवू नको."

"येत नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. नळ आला का असं कोणी विचारल्यावर सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

त्यांना दुःख नव्हतं असं नाही. ते कुठेतरी आहे, पण आपल्यापर्यंत पोचत नाही, असं त्यांना वाटायचं. टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत, परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर असताना कधी कधी असं व्हायचं. लाइन जोडलेली असायची, दिवा लागलेला असायचा, पलीकडे माणूसही असायचा, आणि कानात मात्र काही येत नसायचं. तेव्हा त्या प्लग काढून दुसऱ्या भोकात घालायच्या. आता काय काढायचं आणि कुठे घालायचं, ते कळत नव्हतं.

प्रमोदिनीबाईंचं माहेर नागपूरच्याच महाल भागातलं, बक्षींचं. बी.ए. झाल्या झाल्या त्यांना एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत प्लगच्या दोऱ्या. कोणाला रायपूर हवं, कोणाला जबलपूर, कोणाची आजी अमरावतीत अत्यवस्थ. दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देऊन त्या घरी यायच्या, तेव्हा त्यांना कुणाचाच आवाज नको असायचा. नवरा विश्वनाथ हा तसा सोयीचा होता. एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेबखात्यात कारकून, स्वभावाने अबोल, आणि त्या काळात खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करत संध्याकाळी आतल्या खोलीत बसलेला. घरात रेडिओसुद्धा हळू लागायचा.

त्या घरात व्हिडिओ गेम आला तो सुमंतमामामुळे. सुमंत प्रमोदिनीबाईंचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर नोकरीला. विक्रम सहा-सात वर्षांचा असताना एका सुटीत त्याने हाँगकाँगहून एक खोका आणला. आत लाल-पांढरा डबा, त्याला दोन बाजूंना वायरने कायमचे जोडलेले दोन रिमोट, आणि रणगाड्यांच्या गेमची एक कॅसेट. विक्रमने खोक्यावर झडप घातली तेव्हा मामाने तो वर धरला.

"हा तुझा नाही, तुझ्या आईचा आहे. लहानपणी कॅरममध्ये मला रोज हरवायची. आता बघू म्हटलं."

चित्र लागायला अर्धी दुपार गेली. लागलं, पण आवाज येईना. मामाने टीव्हीची सगळी बटणं फिरवून पाहिली. शेवटी टीव्हीवाल्याला बोलावलं, त्याने मागचं झाकण उघडलं, बंद केलं आणि सांगितलं, हाँगकाँगच्या टीव्हीत आवाज वेगळ्या जागी असतो, आपल्या टीव्हीला तो सापडत नाही. करता येईल, पण टीव्हीत ढवळाढवळ करावी लागेल. विश्वनाथराव आतून म्हणाले, "नाही सापडत तेच बरं आहे."

म्हणून गेम मुकाच राहिला, आणि प्रमोदिनीबाईंना तो तसाच आवडला. विक्रम पिवळा रणगाडा चालवायचा, त्या हिरवा. दोघांनी मिळून विटांच्या मागे बसलेल्या एका पक्ष्याला शत्रूच्या रणगाड्यांपासून वाचवायचं, एवढाच खेळ. दोऱ्या अदलून-बदलून सराव झालेल्या त्यांच्या बोटांना तो लगेच जमला. विक्रमला मात्र शांतता सोसायची नाही. तो सगळे आवाज तोंडाने काढायचा. रणगाडा चालला की ओठांची घरघर, गोळी सुटली की जिभेचा टाळूवर टक्, आणि नवी लढाई सुरू होताना एक ठरलेली धून, जी त्याने कुठून आणली होती देव जाणे. अर्धी बँडबाजाची, अर्धी आरतीची. पिवळा रणगाडा मेला की तो हळू आवाजात "गेलो आई" म्हणायचा आणि पुन्हा घरघर सुरू.

पुढे विक्रम मोठा झाला, दहावी-बारावी आली, तो जुना टीव्ही गेला. नव्या टीव्हीवर गेमचं धड चित्रच दिसेना. लाल-पांढरा डबा कपाटात गेला. एक्स्चेंजमधला ट्रंक बोर्डही तोवर निघाला होता आणि प्रमोदिनीबाई बिलांच्या खात्यात बसून निवृत्तीची वाट बघत होत्या. विक्रम इलेक्ट्रॉनिक्स शिकला, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळू लागला. लग्नाचं कोणी काढलं की हसायचा. घरी आला की मागच्या खोलीत सोल्डरिंगचा वास यायचा. तो काय करतो ते प्रमोदिनीबाईंनी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. मुलगा घरात आहे, आपल्या कामात आहे, यात त्यांचं समाधान होतं.

तो गेल्यानंतर, उन्हाळा उतरणीला लागला असताना, दुर्गेश आला.

दुर्गेश तिशीतला, उंच, काटोलकडच्या एका शेतकरी घरातला. शहराबाहेर वाडी या भागात ट्रान्सपोर्टच्या गोदामांमध्ये त्याचं छोटंसं दुकान होतं. ट्रकांचे जीपीएस, मीटर, हॉर्न असलं काहीबाही दुरुस्त करायचा. तो विक्रमच्या तेराव्यालाही येऊन गेला होता, पण त्या दिवशी कोण आलं आणि कोण गेलं ते प्रमोदिनीबाईंच्या लक्षात नव्हतं.

"काकू, मी विक्रमदादाचा दोस्त," तो सोफ्याच्या कडेवर बसत म्हणाला. "आमची ओळख इंटरनेटवर झाली. जुन्या गेमवाल्यांचा ग्रुप आहे एक. वर्षभर बोलून राहिलो होतो, मग समजलं का दोघंबी नागपूरचेच."

त्याने खिशातून एक पाकीट काढलं. आत हिरवी सर्किटची पट्टी होती, बिस्किटापेक्षा थोडी मोठी.

त्याने समजावलं ते असं. जगभर पुष्कळ लोकांकडे हे लाल-पांढरे डबे अजून आहेत. कंपनीने ते बनवणं केव्हाच थांबवलं. आताच्या टीव्हीवर ते लागत नाहीत, लागले तरी चित्रात उभ्या पुसट रेघा दिसतात. म्हणून शौकीन लोक आपल्या आपणच नवे भाग बनवतात. ही पट्टी डब्यातल्या चित्राच्या चिपखाली बसवली की चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ, एका केबलने थेट टीव्हीत. तिचा पहिला नकाशा विक्रमने काढला होता. त्याने तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, कोणीही घ्या, कोणीही सुधारा. तो गेल्यावर ब्राझीलमधल्या एकाने आणि पोलंडमधल्या एका बाईने राहिलेलं काम पुरं केलं.

"ही पहिल्या लॉटमधली आहे," दुर्गेश म्हणाला. "सगळ्यांनी ठरवलं का पहिली तुमच्या घरी पाठवायची."

विश्वनाथरावांनी पट्टी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ते उठून आत गेले. प्रमोदिनीबाईंनी चहा केला. पोलंडमधली बाई काय करते, त्यांनी विचारलं. ती शाळेत शिकवते, दुर्गेशने सांगितलं. बरं, त्या म्हणाल्या. मुलगा एवढं काही करत होता हे ऐकून आपल्याला काय वाटतंय ते त्या स्वतःशी शोधत होत्या. काही सापडलं नाही.

पट्टी पाकिटासकट फ्रिजवर गेली आणि पावसाळाभर तिथेच राहिली. कूलर झाकले गेले, दिवाळी न करता दिवाळी झाली. मग एका सकाळी कपाटातली गरम पांघरुणं काढताना लाल-पांढरा डबा हाताला लागला. प्रमोदिनीबाईंनी तो पुसला आणि दुर्गेशला फोन केला.

"ती पट्टी बसवून देशील का?"

हे विश्वनाथरावांना कळलं तेव्हा घरात कित्येक महिन्यांनी आवाज चढला.

"काय करून राहिली तू? त्याने कधी उघडला नाही तो डबा. दुसऱ्यांचे शंभर उघडले असतील, हा नाही उघडला. आणि आता तू कोणाकडून तरी त्यात वायरी घालून घेणार?"

"तो उघडत नव्हता कारण तो त्याचा नव्हता," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "माझा आहे. माझ्या भावाने मला दिला."

"बिघडला म्हणजे?"

"आताही बंदच आहे, अहो."

विश्वनाथराव पेपर घेऊन गॅलरीत गेले आणि पेपर न उघडता बसून राहिले.

रविवारी दुर्गेश डबा न्यायला आला तेव्हा प्रमोदिनीबाई साडी बदलून तयार होत्या. "मी येते बरोबर," एवढंच म्हणाल्या. त्याने एका मित्राची व्हॅन आणली होती. सगळं शहर ओलांडून ते अमरावती रोडला लागले. वाडीत रविवारीसुद्धा ट्रकांची रांग होती. दुर्गेशचं दुकान दोन गोदामांच्या मधल्या फटीत होतं. त्याने स्टूल पुसून त्यांना बसायला दिलं.

त्याने डबा उघडला. आत हिरवट बोर्डावर चित्राची चिप, कंगव्यासारखे दोन्हीकडे पाय असलेली. ती न दुखावता उपटून काढायची, तिच्या जागी पट्टी बसवायची, आणि पट्टीवर पुन्हा ती चिप. दुर्गेशने गरम हवेचं पिस्तूल लावलं. वितळलेल्या कथिलाचा वास सुटला. हा वास मागच्या खोलीचा आहे, हे प्रमोदिनीबाईंच्या ध्यानात आलं. आता काहीतरी होईल असं वाटून त्या थोड्या ताठ बसल्या. काही झालं नाही. रस्त्यावरून एक कंटेनर मागे जात होता आणि त्याचा क्लीनर पाठीमागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होता. त्या ते बघत राहिल्या.

सगळं दुकानातल्या टीव्हीला जोडून दुर्गेशने बटण दाबलं. टीव्ही काळाच. त्याने वायरी तपासल्या, भिंगातून जोड पाहिले, मीटर लावून मोजलं, पुन्हा बटण दाबलं. मग चिप काढून दुकानातल्या एका चालू डब्यात घालून पाहिली. तिथेही काळं. तो स्टुलावर बसला.

"काकू, चिप गेली. गरमी जास्त झाली." त्याचा आवाज फाटला. "मी मारली तिले. दादाने एवढी वर्सं जपली अन् मी मारली." आणि तो चक्क रडायला लागला, तोंडावर हात न घेता, लहान पोरासारखा.

प्रमोदिनीबाई त्याच्याकडे बघत होत्या. आपण रडलो असतो तर असे दिसलो असतो का, एवढाच विचार त्यांच्या मनात आला.

"चहा मिळतो का इथे?" त्यांनी विचारलं.

दुर्गेशने नाक पुसून समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. दोघांनी ते प्यायले. मग प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "आता काय करता येतं ते सांग."

करता येण्यासारखं होतं. विक्रमने पट्टीच्या चाचणीसाठी एक फुटका डबा दुर्गेशकडे ठेवला होता. त्यातली चिप चांगली होती. पण मग हा डबा पूर्वीचा राहणार नाही, दुर्गेश म्हणाला. अर्धा हा, अर्धा तो.

"चालेल. लाव."

"अन् ही जुनी चिप? नेता का घरी?"

"नको. टाकून दे."

दुर्गेशने ती टाकली नाही. खिळ्यांच्या डबीत ठेवली. प्रमोदिनीबाईंनी ते पाहिलं.

ऊन गोदामांच्या पत्र्यांवर तिरपं आलं तेव्हा चित्र लागलं. विटा एकेक मोजाव्यात इतक्या स्पष्ट. उभी रेघ कुठेही नाही. आणि त्याच क्षणी टीव्हीतून आवाज आला. लढाई सुरू होतानाची छोटीशी धून, तुरतुरीत, वर चढत जाणारी, मग इंजिनांची एकसारखी गुणगुण.

प्रमोदिनीबाई दचकल्या.

"हे काय आहे?"

"गेमचा आवाज, काकू. असाच असते तो."

"असा असतो?"

विक्रमच्या धुनीत आणि या धुनीत काहीसुद्धा सारखं नव्हतं. रणगाड्याची घरघर नव्हती, गोळीचा टक् नव्हता. आपल्या मुलाने हे सगळं पदरचं केलं होतं, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, आणि ते ऐकलेलं या जगात आपल्याशिवाय कोणी नाही. आतल्या खोलीत बसलेल्या माणसाने ऐकलं असेल तर तेवढंच. त्यांनी हात पुढे केला.

"आवाज बंद कर."

दुर्गेशने बंद केला. प्रमोदिनीबाईंनी दुसरा रिमोट घेतला, हिरव्या रणगाड्याचा, आणि पहिला त्याच्या हातात दिला. बोटं आपली आपण चालू लागली. कुठली वीट आधी फोडायची, कुठल्या कोपऱ्यातून शत्रू येतो, हातांना सगळं ठाऊक होतं. दुर्गेशचा पिवळा रणगाडा दोनदा मेला. दोन्ही वेळा प्रमोदिनीबाई थांबल्या, जणू कोणीतरी हळूच काही म्हणणार आहे. मग त्यांनी खेळ पुढे चालवला.

डबा घरी आला. प्रमोदिनीबाई संध्याकाळी जेवणाआधी हॉलमध्ये थोडा वेळ खेळायच्या, आवाज बंद ठेवून. विश्वनाथराव त्या वेळी आत जायचे. मग आत जाणं बंद झालं, ते दारात उभे राहू लागले. मग खुर्चीवर बसू लागले. एके दिवशी बातम्या लावायच्या निमित्ताने त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला, बातम्या लावल्याच नाहीत, आवाज मात्र वाढवला. ती तुरतुरीत धून घरभर झाली.

"असं नव्हतं ते," ते म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी मान वळवली.

"तो करायचा तसं नव्हतं," विश्वनाथराव म्हणाले. "मला आत सगळं ऐकू यायचं. माझा परीक्षेचा एक पेपर त्याच्यापायी गेला." आणि त्यांनी ती धून म्हणून दाखवली. अर्धी बँडबाजाची, अर्धी आरतीची. त्यांना सूर कधीच लागत नसे, तरी ती बरोबर आली.

प्रमोदिनीबाईंच्या हातातला रिमोट तसाच राहिला. पडद्यावर हिरवा रणगाडा भिंतीला नाक लावून उभा होता. त्या तेव्हाही रडल्या नाहीत. त्यांना फक्त खूप थकल्यासारखं झालं, आणि त्या खुर्चीतच झोपी गेल्या. विश्वनाथरावांनी टीव्ही बंद केला, वरण गरम केलं आणि भाताबरोबर एकट्याने जेवून घेतलं. विक्रम गेल्यापासून त्या एवढ्या गाढ कधी झोपल्या नव्हत्या.

पुढचं काही फार मोठं नाही. दुर्गेशकडे पट्ट्या बसवून घ्यायला लोक येऊ लागले. नागपूरचे थोडे, बाकी बाहेरून पार्सलने. पट्टी बसवल्यावर डबा तासभर सतत चालवून बघावा लागतो, गरम झाल्यावर चित्र हलतं का, रंग बदलतात का. दुर्गेशला तेवढा वेळ नसे. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, मी बघते. आता दर रविवारी त्या शहर बसने वाडीला जातात. स्टुलावर उशी ठेवून बसतात, एकामागून एक डबे चालवतात आणि कुठे काय चुकतंय ते दुर्गेशला सांगतात. आवाजही तपासावा लागतो, म्हणून तो चालू ठेवतात. त्याची त्यांना सवय झाली आहे. ट्रंक बोर्डावर इतके आवाज सोसले, त्यात हा एक. पोलंडच्या बाईला त्यांनी दुर्गेशकडून एकदा लिहवून घेतलं की डबा तापल्यावर निळा रंग किंचित जांभळा होतो. तिने पुढच्या लॉटमध्ये ते दुरुस्त केलं आणि आभार मानले.

मध्यंतरी कन्हानहून एक माणूस आला. जयवंता नाव, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. त्याला पट्टी नको होती. गेम खेळताना त्याच्या बायकोचे हात थरथरतात, तिच्यासाठी रिमोटची बटणं मोठी करून मिळतील का, असं विचारत होता. दुर्गेश म्हणाला, आमचं ते काम नाही. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "थांब जरा." त्यांनी त्याला बसवलं, बायकोचा कुठला हात जास्त थरथरतो ते विचारलं, अंगठा पुरता वाकतो का ते विचारलं. तो बायकोची बोटं कशी हलतात ते स्वतःच्या बोटांनी दाखवत होता, आणि त्या आपली बोटं त्याच्या बोटांशेजारी धरून बघत होत्या.

त्या रविवारी घरी यायला उशीर झाला. विश्वनाथराव फाटकाशी उभे होते.

"जेवायचं राहिलं आहे," ते म्हणाले. "काय झालं आज?"

एरवी त्या "काही नाही" म्हणत. त्या दिवशी त्या पायरीवर चपला काढता काढता खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बसा इथे. एक माणूस आला होता, त्याच्या बायकोबद्दल सांगते." विश्वनाथराव पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.